घाडी सिस्टरची ओव्हर

घाडी सिस्टर खुर्चीवर बसल्यात असं दृश्य मी सव्वीस वर्षांत दोनदाच पाहिलं. बाकी सगळा वेळ त्या उभ्या. आणि उभ्या म्हणजे तरी काय, एका जागी पाच मिनिटं नाहीत. बोलता बोलता शेजारच्या पलंगाची चादर ताणतील, सलाइनच्या स्टँडचं चाक पायाने सरळ करतील, माझ्या टेबलावरच्या फायली कडेला कड लावून रचतील, आणि मग मला हवी ती फाईल दुपारपर्यंत सापडणार नाही. त्या येऊन गेल्या की मलाही उगाच पाय हलवत बसावंसं वाटायचं.

मी विनीत आठल्ये. परळच्या एका जुन्या हॉस्पिटलात नर्सिंग ऑफिसचा क्लार्क. ठाकूरद्वारला आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली, त्यामुळे कागद सरळ ठेवणं आणि तोंड बंद ठेवणं या दोन विद्या आम्हाला कुणी शिकवाव्या लागत नाहीत. कालिंदी घाडींना यातली दुसरी विद्या अजिबात अवगत नव्हती. त्या बायकांच्या सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर इन्चार्ज. जन्म लालबागच्या चाळीतला, वडील गिरणीत साचेखात्यात. संप झाला तेव्हा ह्या आठवीत. वडील घरी बसले ते बसलेच, आणि आईने मसाल्याच्या डंकावर मिरच्यांचे देठ काढून चौघांना जगवलं. बसलेल्या माणसाचा त्यांना राग यायचा तो तिथून आला असावा, असा माझा तर्क. विचारायची माझी छाती नव्हती.

छाती कुणाचीच नव्हती, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

आधी ओव्हर म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला क्रिकेट आठवतं. पाळी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरना एकेका पेशंटची हकिकत सांगते, ती ओव्हर. आमच्याकडे दुपारी दोनची ओव्हर सिस्टर इन्चार्ज स्वतः देतात. हातात मोठं रजिस्टर, भोवती अर्धगोल करून उभ्या असलेल्या मुली, प्रत्येकीच्या हातात छोटी वही. मोठीने सांगायचं आणि धाकटीने लिहायचं. मध्ये बोलायचं नाही. हा नियम कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. तो हॉस्टेलात पहिल्या वर्षीच अंगात मुरतो आणि रिटायर होईपर्यंत निघत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एका ओव्हरमध्ये घाडी सिस्टर म्हणाल्या, "नऊ नंबर उपाशी. पाच वाजता ऑपरेशन." ऑपरेशन होतं सात नंबरचं. नऊ नंबरवर होत्या कमलाबाई, कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या, साखरेच्या जुन्या पेशंट. त्या दिवशी जेवणाची गाडी उशिरा आली. कमलाबाईंना जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन झालेलं, आणि ओव्हरनंतर समोर आलेलं ताट उचलून नेलं. इन्सुलिन देणारी वेगळी, ताट उचलणारी वेगळी, दोघींनी आपापलं काम चोख केलं. साडेतीनला कमलाबाई घामाने निथळत बेशुद्ध सापडल्या. चार दिवस आयसीयूत होत्या. वाचल्या, पण बोलण्यातले शब्द हरवले ते हरवलेच.

त्या संध्याकाळी मी घाडी सिस्टरना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. रिकाम्या नऊ नंबरशेजारच्या स्टुलावर, हात मांडीवर. चौकशी झाली, त्यांनी चूक स्वतःच्या हाताने लिहून दिली, मेमो घेतला. ते सगळं त्यांनी पचवलं. पचलं नाही ते वेगळंच. त्यांच्या वॉर्डातली रुपाली, दादरची, नोकरीला जेमतेम तीन वर्षं झालेली, आठवड्याने त्यांच्यापुढे येऊन रडत म्हणाली, "सिस्टर, मला माहीत होतं. सात नंबरला ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफीला मीच नेलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना. मध्ये कसं बोलणार?"

हे सिस्टरनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. सांगताना हातातलं पेन टक टक वाजवत राहायच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मच्छीमार नगरात जायच्या. कमलाबाईंच्या सुनेला, चंपाला, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं की चूक माझी होती. चंपाने त्यानंतर दोन-तीन महिने दार उघडलं नाही म्हणे, पुढे उघडायला लागली. कमलाबाई त्यांना ओळखत नसत. पण दर खेपेला एकच वाक्य नीट, सबंध बोलत: "जेवलीस का?" ते ऐकून सिस्टर परत यायच्या आणि सोमवारी वॉर्डातल्या सगळ्या चादरी दोनदा ताणल्या जायच्या.

एवढ्यात वरून हुकूम आला की नर्सिंगच्या लोकांना लीडरशिपचं ट्रेनिंग द्यायचं. आमचे प्रशासनाचे मोठे अधिकारी दीपक सर, त्यांनी बाहेरची एक कंपनी आणली. पडद्यावर पहिलं चित्र सिंहाचं, दुसरं हिमशिखराचं, तिसरं पुन्हा सिंहाचं. सगळ्या इन्चार्ज चहाची वाट बघत माना डोलवत होत्या. घाडी सिस्टर मागे भिंतीला टेकून उभ्या. त्यांनी हात वर केला. "सर, हा सिंह दुपारी दोनला वॉर्डात नक्की काय करतो?"

आमच्या मेट्रन सुचित्रा मॅडम नंतर त्यांना केबिनमध्ये म्हणाल्या, "कालिंदी, तुला एवढं कळतं तर तूच तयार कर ट्रेनिंग." हे रागाने म्हटलं होतं, पण घाडी सिस्टरना राग वगैरे कळत नाही, काम तेवढं कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलाशी हजर.

"विनीत, टायपिंग करायचंय."

सहा शनिवार, सहा वॉर्ड, बेचाळीस सिस्टर. सिंह नाही, शिखर नाही. नुसती ओव्हर. खोटा वॉर्ड मांडायचा आणि सगळ्यांत धाकटीने इन्चार्ज व्हायचं, इन्चार्जने धाकटी. मोठी चुकली तर तिला थांबवायचं कसं, काय शब्दांत, कोणत्या क्षणी, आणि थांबवल्यावर मोठीने काय म्हणायचं, याची तालीम. "थांबा, मला वेगळं माहीत आहे," हे वाक्य प्रत्येकीकडून मोठ्याने वीस वेळा म्हणून घेतलं. रुपालीने घाडी सिस्टरची अशी हुबेहूब नक्कल केली, पेन वाजवण्यासकट, की सुचित्रा मॅडमनाही हसू आवरेना. सिस्टर सगळ्यांत जास्त हसल्या. मलाही वाटलं, जमलं बुवा.

मग फॉर्म भरून घेतले. फॉर्म मी केला होता, पाच प्रश्न, पाचपैकी गुण. बेचाळीस जणींनी सगळीकडे पाच दिले. एकीने फक्त चहाला चार दिले होते, म्हणून सरासरी पाचाच्या जरा खाली आली. दीपक सर खूश. म्हणाले, गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी मीटिंगमध्ये मांडा, मग आपण सगळ्या वॉर्डांना लावू. नंतर लालबाग-परळचे रस्ते माणसांनी भरतात आणि आमच्याकडे डॉक्टरसुद्धा वेळेवर पोचत नाही, मग मीटिंग कसली.

मी तो गठ्ठा सिस्टरपुढे मोठ्या ऐटीत ठेवला. त्यांनी दहा-बारा फॉर्म पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"विनीत, यात रुपालीचा कुठला?"

मी काढून दिला. सवयीने मी प्रत्येक फॉर्मवर वरती एम्प्लॉयी नंबरची चौकट छापली होती. आमच्या ऑफिसातून नंबराशिवाय कागद बाहेर पडला तर मला जेवण जात नाही.

"बघ, तुला दोन सेकंदांत सापडला. आणि तिला हे ठाऊक नाही?" त्यांनी फॉर्म परत गठ्ठ्यात घातला आणि गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिल्या. "ह्या पोरी मला पाच देणारच रे. मोठीला कमी द्यायचे नाहीत, हेच तर त्यांना शिकवलंय आम्ही. जो रोग बरा करायला निघालो, त्याच्याकडूनच सर्टिफिकेट घेऊन आलास तू."

मी म्हटलं, नाव न घालता पुन्हा भरून घेऊ, पेटीत टाकू दे. त्या म्हणाल्या, "कागदावर नको. तोंडाने बोलतात का, ते बघायचं."

त्यांनी जे ठरवलं ते सुचित्रा मॅडमना विचारूनच ठरवलं, हे मुद्दाम सांगतो. सहा वॉर्डांच्या सहा इन्चार्जनी तीन दिवस दुपारच्या ओव्हरमध्ये एक गोष्ट चुकीची सांगायची. साधी, कुणाला इजा होणार नाही अशी. आणि कुणी टोकलं नाही तर ओव्हर संपायच्या आत स्वतःच "अगं, चुकले मी" म्हणून दुरुस्त करायची. मुलींना कळू द्यायचं नाही. अठरा ओव्हर, किती जणी थांबवतात ते मोजायचं. बाकीच्या पाच इन्चार्ज आपलं आपण लिहिणार होत्या, सिस्टरच्या वॉर्डात मात्र त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं. म्हणाल्या, "माझं मीच मोजलं तर मला बरं दिसेल तेच दिसेल."

पहिल्या दिवशी त्यांनी तीन नंबरचे टाके काढले म्हणून सांगितलं. काढले नव्हते. सगळ्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी चार नंबरला ताप नाही म्हणाल्या, आणि चार नंबर समोर कपाळावर ओली पट्टी घेऊन झोपलेली. लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सिस्टरना रात्रभर झोप नसावी, डोळे लाल होते. अकरा नंबरची बाई सकाळीच घरी गेली होती. पलंग रिकामा, गादी उघडी. सिस्टर त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अकरा नंबर. टेम्परेचर नॉर्मल. दुपारी व्यवस्थित जेवली."

सहा मुलींनी रिकाम्या गादीकडे पाहिलं. मग वहीकडे. रुपालीचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. तिचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. सिस्टर थांबल्या. ओव्हरमध्ये त्या कधी थांबत नाहीत, त्या दिवशी थांबल्या, पंधरा-वीस सेकंद तरी, आणि मला वाटलं की मीच ओरडून सांगावं. मग रुपालीचं पेन खाली टेकलं. तिने लिहिलं. शेवटी सिस्टरनी ठरल्याप्रमाणे स्वतःच दुरुस्त केलं. नंतर मी तिची वही पाहिली, खोडलेलं वाचता येत होतं: "अकरा. जेवली."

संध्याकाळी अठराही कागद माझ्याकडे जमा झाले. बाकीच्या पाच वॉर्डांत पंधरापैकी तीन वेळा कुणी ना कुणी मोठीला थांबवलं होतं. घाडी सिस्टरच्या वॉर्डात तीनपैकी एकदाही नाही. मग सगळ्या मुलींना सांगण्यात आलं की ही परीक्षा होती, आणि कोणत्या वॉर्डात काय झालं तेही. कुणी कुणाकडे बघेना.

गुरुवारी सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. शुक्रवारच्या मीटिंगचा कागद तयार करायचा होता. येरझाऱ्या घालत म्हणाल्या, "मी शिकवते थांबवा म्हणून, आणि मला थांबवायची कुणाची टाप नाही. म्हणजे रोग मीच की रे. उद्या पुन्हा नऊ नंबर झालं तर?"

आता इथे मी माझं पाप सांगतो. मला ते ट्रेनिंग बंद पडायला नको होतं. तिघींनी तोंड उघडलं होतं, त्या हॉस्पिटलात मी आलो तेव्हापासून तीन काय, एकीनेही उघडलेलं मला माहीत नव्हतं. पण दीपक सरांचा पिंड मला ठाऊक. जिने ट्रेनिंग बनवलं तिच्याच वॉर्डात शून्य, हे वाचल्यावर ते पुढचं वाचणार नाहीत. सिंहवाले परत येतील. मी म्हटलं, "सिस्टर, वॉर्डवार आकडे द्यायची गरज काय? अठरापैकी तीन, एवढंच लिहू. खोटं काहीच नाही त्यात."

"म्हणजे लपवायचं?"

"लपवायचं नाही. सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची नोकरी दीड वर्ष राहिली. हे बंद पडलं तर पुन्हा कोण उभं करणार?"

त्या चिडल्या की मालवणीवर यायच्या. "माका खोटा बोलाक येणा नाय, विनीत."

"बोलू नका. दीपक सर बोलतील. तुम्ही फक्त उभ्या राहा."

त्या खिडकीपाशी गेल्या, पडदा सरळ केला, परत आल्या, माझा कागदाला भोकं पाडायचा पंच उचलून ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी म्हणाल्या, "कर तुला काय करायचं ते." माझं मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्या दिवशी गिरगावात घरी पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शुक्रवारी मीटिंगला दीपक सर, सुचित्रा मॅडम, सगळ्या इन्चार्ज, आणि ट्रेनिंग घेतलेल्यांतर्फे मनोगत बोलायला रुपाली. मनोगत मीच लिहून दिलं होतं: या प्रशिक्षणामुळे आमच्यात आत्मविश्वास निर्माण झाला, वगैरे. घाडी सिस्टर पुढे उभ्या राहिल्या आणि कागद वाचायला लागल्या. आवाज नेहमीचा नव्हता. वाचताना टाचेवर पुढे-मागे डोलत होत्या. "अठरा ओव्हरपैकी तीन ओव्हरमध्ये कनिष्ठ परिचारिकेने चूक दाखवून दिली. हा आकडा कमी आहे, पण पूर्वी..."

"पूर्वी शून्य असणार," दीपक सर म्हणाले. "म्हणजे प्रगती आहे. तुमच्या स्वतःच्या वॉर्डात तर चांगलंच असेल."

सिस्टरनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी माझ्या खुर्चीत होतो. खरं काय ते त्या खोलीत मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं, कोपऱ्यात उभा राहून मीच मोजलं होतं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिलो.

"हो, म्हणजे एकंदरीत," सिस्टर म्हणाल्या. ज्या बाईने पन्नास जणांसमोर सिंहाचा हिशेब मागितला होता, ती त्या क्षणी हॉस्टेलातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीसारखी दिसली. मला ते बघवेना.

"थांबा, सिस्टर. मला वेगळं माहीत आहे."

रुपाली उभी राहिली होती. हातातल्या मनोगताचा पार चोळामोळा झाला होता. आवाज इतका बारीक की दीपक सरांनी "कोण बोललं?" म्हणून मागे वळून पाहिलं.

"आमच्या वॉर्डात शून्य आहे," ती म्हणाली. "तिन्ही ओव्हरला मी होते. टाके काढले नव्हते, ते मला माहीत होतं. तापही माहीत होता. रिकामा पलंग तर सगळ्यांनाच दिसत होता. तरी मी लिहिलं, जेवली म्हणून." ती श्वास घ्यायला थांबली. "नऊ नंबरच्या वेळीसुद्धा मला माहीत होतं. तेव्हा बोलले असते तर कमलाबाई बोलू शकल्या असत्या. तुम्ही आकडा पूर्ण सांगा, सिस्टर. अर्धा नको."

दीपक सर माझ्याकडे बघू लागले, बहुतेक कागद मी केला म्हणून. सुचित्रा मॅडमनी बोट टेबलावर टेकवून ठेवलं होतं.

घाडी सिस्टर रुपालीकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मला वाटलं आता हिची धडगत नाही. मग त्यांनी हातातला कागद टेबलावर पालथा घातला.

"ही बरोबर बोलते," त्या म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात शून्य. मी ते वगळलं. विनीत, ऊठ, फळ्यावर वॉर्डवार लिही."

मी उठलो. सहा वॉर्डांची नावं एकाखाली एक लिहिली, पुढे आकडे. कुठे एक, कुठे शून्य. घाडी सिस्टरच्या वॉर्डापुढे शून्य काढलं तेव्हा खडू माझ्या घामाने ओला झाला होता. सव्वीस वर्षांत मी एवढा खरा कागद केला नव्हता, आणि हा तर कागदसुद्धा नव्हता.

"आता ते शून्य पुस," सिस्टर म्हणाल्या. "एक लिही."

दीपक सर म्हणाले, "पण सिस्टर, ती तर ओव्हर नव्हती. ही मीटिंग आहे."

"मी मोठी होते, चुकीचं सांगत होते, आणि धाकटीने मला थांबवलं," सिस्टर म्हणाल्या. "ओव्हर आणखी काय असते, सर?"

दीपक सरांनी सुचित्रा मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "लिही विनीत."

मी तळहाताने शून्य पुसलं आणि एक लिहिला. लिहिताना मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर रुपाली अजून उभीच होती, आणि घाडी सिस्टर बसल्या होत्या.